भात सोडला, पण ती हाक सुटली नाही

प्रश्न : काका, नमस्कार. मी 28 वर्षांचा आहे. मूळ सांगली जिल्ह्यातला, नोकरी हिंजवडीत. मी गे आहे. घरी माहीत नाही, दोन मित्रांना माहीत आहे. शाळेत मी गुबगुबीत होतो आणि चालणं-बोलणं नाजूक होतं. पीटीच्या सरांसकट सगळे ‘बायल्या’ म्हणायचे. दीड वर्षापूर्वी ॲपवर एकाशी आठवडाभर छान बोलणं झालं. पूर्ण फोटो पाठवल्यावर त्यानं लिहिलं, ‘चेहरा चांगला आहे, पण मी फिट मुलांनाच भेटतो’ आणि ब्लॉक केलं. दुसऱ्या दिवशी मी जिम लावली. भात, पोळी, साखर सगळं बंद केलं. आता पोटावर कट्स आलेत असं लोक म्हणतात, मला मात्र आरशात जुनं पोटच दिसतं. हात गार पडतात, उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. एखाद्या रविवारी ताबा सुटतो, खूप खातो आणि मग बाथरूममध्ये जाऊन उलटी काढतो. भेटायला बोलावणारे आता पुष्कळ आहेत, पण मीच टाळतो, कारण अजून ‘तयार’ नाही असं वाटतं. शिवाय इच्छाच होत नाही. ट्रेनर म्हणतो, ‘नॅचरल बॉडी इथवरच येते, आता एक कोर्स मार.’ आई एसटीनं भाकरी-चटणीचा डबा पाठवते, तो मी वॉचमनकाकांना देतो. मला नीट डाएट चार्ट द्याल का? आणि कोर्सबद्दल तुमचं मत?
— अ., पुणे

उत्तर : तू ‘काका’ म्हटलंस, म्हणून मीही अरेतुरे करतो. पत्रात तू आधीचं वजन, आत्ताचं वजन, कंबर, रोजच्या कॅलरी असं सगळं लिहिलं होतंस. ते आकडे मी छापायला दिले नाहीत. ते वाचून कुणीतरी आजच रात्री आपल्याशी ताडून पाहील आणि उद्या आणखी एक घास कमी करेल. असे वाचक आहेत, त्यांची पत्रं माझ्याकडे येतात.

चार्ट मी देणार नाही. आधी डॉक्टर. या आठवड्यात एखाद्या एमडी मेडिसिन डॉक्टरांकडे जा आणि दोन गोष्टी स्पष्ट सांग : किती महिने कमी खातोयस, आणि उलट्या काढतोस. दुसरी गोष्ट लाजेनं गाळू नकोस, कारण सगळ्यात मोठा धोका तिथंच आहे. वारंवार उलट्या झाल्या की रक्तातलं पोटॅशियम उतरतं, आणि पोटॅशियम उतरलं की हृदयाची लय बिघडते. बाहेरून माणूस ठणठणीत दिसतो, पोटावर कट्ससुद्धा दिसतात. म्हणून ईसीजी, सोडियम-पोटॅशियम, हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड, बी-12 एवढं तरी तपासून घे. बसून आणि उभं राहून बीपी मोजायला सांग. उलटीनंतर लगेच ब्रश करू नकोस, साध्या पाण्यानं चूळ भर. पोटातल्या आम्लानं दातांवरचं कवच मऊ झालेलं असतं, ते ब्रशनं खरवडलं जातं. छातीत धडधड झाली किंवा चक्कर येऊन पडलास, तर थेट इस्पितळ. रविवार असो की अमावस्या.

तुला जे होतंय त्याला एक नाव आहे अ‍ॅनोरेक्सिया, म्हणजे वजनाच्या भीतीनं अन्न तोडण्याचा आजार, आणि तो पुरुषांनाही होतो. 1689 साली लंडनच्या रिचर्ड मॉर्टन नावाच्या डॉक्टरानं अन्न सोडून झिजत गेलेल्या दोन रुग्णांची हकिकत लिहून ठेवली. या आजाराच्या सगळ्यात जुन्या वैद्यकीय नोंदींपैकी ती एक. त्या दोघांतली एक मुलगी होती आणि दुसरा सोळा वर्षांचा मुलगा. म्हणजे पहिल्या पानापासून पुरुष तिथं आहे. पुढे मात्र तो डॉक्टरांना दिसेनासा झाला. अमेरिकन मानसोपचाराच्या ज्या पुस्तकावरून जगभर निदान करतात, त्यात अ‍ॅनोरेक्सियाच्या निकषांमध्ये 2013पर्यंत ‘पाळी बंद होणं’ हा एक निकष होता. पुरुषानं तो कुठून पूर्ण करायचा? मी इस्पितळात आहारतज्ज्ञ म्हणून गेली 25 वर्षं काम करतोय. सुरुवातीच्या वर्षांत तुझ्यासारखी मुलं माझ्यासमोर येऊन बसली असणार आणि मी त्यांना ‘वा, चांगलं वजन उतरवलंत’ म्हणून परत पाठवलं असणार. ते मला अजून टोचतं.

दुसरं नाव आहे मसल डिस्मॉर्फिया. हॅरिसन पोप हे अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1997 साली ते रूढ केलं. पिळदार माणसाला आरशात स्वतः किरकोळ, ढिला, अपुरा दिसतो. वजन उचलणं चुकलं तर त्याचा दिवस नासतो, आणि ‘अजून तयार नाही’ म्हणून तो लग्नकार्यं, सहली, भेटी टाळतो. हे तुझंच वाक्य आहे. तुला नेमकं काय आहे ते मानसोपचारतज्ज्ञ ठरवतील, दोन्हीची सरमिसळही असू शकते. समलिंगी पुरुषांमध्ये खाण्याचे विकार जास्त आढळतात, हे बऱ्याच अभ्यासांतून पुढे आलंय. ते का, ते मी माझ्या आयुष्यातून सांगतो.

मी कोल्हापूरचा. आमच्या गल्लीत तालीम होती आणि बाराव्या वर्षी वडिलांनी मला तिथं घातलं. लाल माती, मारुतीची तसबीर, कोपऱ्यात बदाम वाटायचा दगडी खल. आरसा नव्हता. भांग पाडायला खिडकीच्या चौकटीत काचेचा एक तुकडा खोचलेला असायचा, त्यात एका वेळी अर्धाच चेहरा मावायचा. पैलवान दूध-तूप रिचवायचे, दुपारी मटण आणि भाताचं ताट संपवून आडवे व्हायचे. पोटं सुटलेली असायची आणि त्या पोटांबद्दल कुणी काही बोलायचं नाही. अंग कशासाठी, तर समोरच्याला चीत करण्यासाठी. ते कसं दिसतं हा प्रश्नच नव्हता. म्हणून तालीम फार भली जागा होती असं मी म्हणणार नाही. तुझ्या पीटीच्या सरांचा शब्द मी पहिल्यांदा तिथंच ऐकला. वस्तादांनी सगळ्यांसमोर मला मातीत दहा वेळा चालायला लावलं. ‘कंबर हलतीया. हात अंगाला लावून चाल.’ अकराव्या वेळी मी हात अंगाला चिकटवून चाललो आणि पुढची वीस वर्षं तसाच चालत राहिलो. आजही सभागृहात सगळ्यांच्या देखत व्यासपीठावर जायचं असलं की हात आपोआप अंगाला लागतात.

तेव्हा तुझ्या भुकेला मी दोन बाजूंनी पाहतो. एका बाजूनं ती कुणीतरी आपल्याला हवंसं म्हणावं याची भूक आहे. यात लाजण्यासारखं काही नाही. दुसऱ्या बाजूनं तो पुरावा आहे. रुंद खांदे, सपाट पोट, दगडासारखे दंड घेऊन तू त्या शाळेच्या मैदानावर परत जातोस आणि दाखवतोस, ‘बघा, कुठंय बायल्या?’ पण तिथं आता कुणी नाही. सर निवृत्त झाले असतील, पोरं संसाराला लागली असतील. हाक फक्त तुझ्या कानात उरलीय. ती वजनकाट्यावर उतरत नाही, म्हणून कितीही उतरवलंस तरी पुरं होत नाही.

आणखी एक गोष्ट तुझ्या पिढीला ठाऊक असण्याचं कारण नाही. 1992मध्ये मी मुंबईत आलो आणि लालबागला एका खोलीत चौघांत राहू लागलो. त्यातला एक जण, रत्नागिरीकडचा, माझा फार जवळचा. 1994च्या पावसाळ्यानंतर तो वाळत गेला. आधी शर्टाची कॉलर सैल झाली, मग घड्याळ मनगटावरून कोपरापर्यंत घसरायला लागलं. चाळीत कुणी एड्सचं नाव घेत नव्हतं, ‘त्याला ते झालंय’ एवढंच म्हणायचे. नळावर त्याची बादली लोक बाजूला सरकवायचे. 1996मध्ये तो गेला. एचआयव्हीची औषधं सरकारी केंद्रांवर मोफत मिळू लागली ती 1 एप्रिल 2004 पासून, तोवर आमच्यासारख्यांना ती परवडण्यातली नव्हती. त्या दोन वर्षांत मी रोज रात्री जेवून झाल्यावर खाली उतरून दोन वडापाव खायचो. भूक नसायची. गाल भरलेले दिसावेत, मालकानं मला खोलीबाहेर काढू नये, म्हणून खायचो. तू ज्या भीतीनं भात सोडलास, त्याच भीतीनं मी वडापाव खाल्ले. आहारशास्त्र शिकलो तेही त्याच्यामुळे. शेवटच्या महिन्यांत त्याच्या गळ्याखाली काय उतरेल हे मला कळत नव्हतं आणि सांगणारंही कुणी नव्हतं.

तिकडे न्यूयॉर्क, सॅन फ्रान्सिस्कोतही त्या काळात हेच उलट्या टोकानं चाललं होतं. आजारानं झिजणाऱ्यांचे स्नायू टिकावेत म्हणून डॉक्टर टेस्टोस्टेरॉन देत, आणि कमावलेलं धट्टंकट्टं अंग म्हणजे ‘मी निरोगी आहे’ अशी गळ्यातली पाटीच झाली. भीती ओसरली, पाटी राहिली. जाहिरातींतून, मासिकांतून ती पसरली. 2009मध्ये ग्राइंडर हे समलिंगी पुरुषांच्या भेटीगाठींचं ॲप आलं आणि माणसाच्या ओळखीआधी उंची, वजन, बांधा यांचे रकाने आले. बिनडोक्याचे छाती-पोटाचे फोटो तू रोज पाहतोस. चेहरा लपवावा लागतो म्हणून तिथं अंगच चेहऱ्याचं काम करतं. 6 सप्टेंबर 2018ला सर्वोच्च न्यायालयानं आपल्याला गुन्हेगारीतून मोकळं केलं, पण घरी कळेल ही भीती तिथंच राहिली. ज्यानं तुला ब्लॉक केलं, त्याच्याही फोटोत डोकं नव्हतं, असं तूच पुढे लिहिलंयस. त्याला दुष्ट म्हणायला माझी जीभ धजत नाही. तोही उपाशी असेल.

आता कोर्स. नको, अजिबात नको. ट्रेनर ज्याला कोर्स म्हणतो ती टेस्टोस्टेरॉनची किंवा त्याच्या भावंडांची इंजेक्शनं आहेत, आणि ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला परवानगी नाही. बाहेरून टेस्टोस्टेरॉन आलं की मेंदू आपला हुकूम थांबवतो आणि वृषणं काम बंद करतात. ती आकसतात, शुक्राणू घटतात, छातीवर स्तनांसारखी गाठ येऊ शकते, चांगलं कोलेस्टेरॉल घसरतं, रक्त दाट होतं, हृदयाचा स्नायू जाड होतो. बंद केलं की महिनोन्महिने अंगात ना जोर, ना इच्छा. त्या खिन्नतेत जीव नकोसा झालेली मुलं मी पाहिलीत. जिममध्ये एकाच बाटलीतून, एकमेकांच्या सुईनं टोचतात, तिथं कावीळ बी आणि सी, एचआयव्हीची भीती वेगळीच. ‘फॅट बर्नर’च्या नावाखाली दम्याची किंवा थायरॉइडची गोळी देऊ केली, तर तीही घेऊ नकोस. आणि तुझी इच्छा मेलीय ती कोर्स नाही म्हणून नव्हे. अन्न तुटलं की शरीर सगळ्यात आधी जी खाती बंद करतं, त्यात हे एक आहे.

याची साक्ष आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, 1944-45मध्ये, अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सल कीज या शास्त्रज्ञानं 36 निरोगी तरुणांवर एक प्रयोग केला. युद्धानंतर युरोपातल्या उपाशी लोकांना परत खायला कसं घालावं हे शोधायचं होतं. युद्धात लढायला नकार दिलेले हे तरुण स्वखुशीनं आले होते. 24 आठवडे त्यांना जवळपास निम्म्या अन्नावर ठेवलं. त्यांचे हातपाय गार पडले, नाडी मंदावली, कामेच्छा गेली. ते चिडके झाले, एकेकटे राहू लागले. दिवसभर डोक्यात अन्न. ज्यांनी कधी स्वयंपाक केला नव्हता ते पाककृतींची पुस्तकं जमवू लागले. काहींनी ताबा सुटून चोरून खूप खाल्लं आणि नंतर ते स्वतःचा तिरस्कार करत बसले. यातला कुणी शाळेत चिडवला गेला होता म्हणून हे झालं नाही. निव्वळ उपासमारीनं झालं. तुझा रविवार म्हणजे मनाचा कमकुवतपणा नाही. सहा दिवस दाबून ठेवलेलं शरीर सातव्या दिवशी जीव वाचवायला धावतं, एवढाच त्याचा अर्थ.

म्हणून खाणं. तपासण्या हातात आल्यावर, डॉक्टरांना विचारून सुरू कर. फार दिवस उपाशी राहिलेल्यानं एकदम पोटभर खाल्लं तर रक्तातलं फॉस्फेट ढासळून जिवावर बेतू शकतं, म्हणून हे पाऊल एकट्यानं टाकायचं नाही. त्यांनी हो म्हटलं की दिवसातून तीन वेळा जेवण, दोन वेळा मधलं खाणं आणि दोन खाण्यांत चार तासांहून जास्त अंतर नाही. काय खायचं याच्याआधी केव्हा खायचं हे ठरव. रविवारी ताबा सुटलाच, तरी सोमवारी सकाळचे पोहे चुकवायचे नाहीत. त्या फेऱ्याचा दोरा तिथंच तुटतो. उकडलेलं चिकन आणि अंड्याचा पांढरा भाग यांनाच अन्न म्हणायचं, असं तुला शिकवलंय. मी सांगतो, बाजूला मूठभर भात ठेव. पहिल्या दिवशी चार घास. इंद्रायणीचा असेल तर वास येईल आणि भीतीही वाटेल. भीती वाटली तरी बसून राहा. आईचा डबा आला की त्यातली अर्धी भाकरी दाण्याच्या चटणीशी तू खा, उरलेली वॉचमनकाकांसोबत, त्यांच्याच केबिनमध्ये बसून खा. एकट्यानं आरशासमोर उभं राहून खाणं आणि कुणाच्या शेजारी बसून खाणं, यात फार फरक पडतो.

डॉक्टरांचं पत्र येईपर्यंत जिम बंद. हे सगळ्यात जड जाईल. संध्याकाळचे ते दीड तास रिकामे सोडू नकोस, एखाद्या मित्राला बांधून घे. वजनकाटा त्याच्या घरी ठेव.

मानसोपचारतज्ज्ञाला ‘मी गे आहे’ सांगितलं तर ते तेच बरं करायला निघतील, ही भीती तू लिहिलीयस. ती अवाजवी नाही, पूर्वी हेच व्हायचं. पण राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं 2022 मध्ये अशा ‘उपचारां’ना डॉक्टरांचं गैरवर्तन ठरवलंय. पहिल्याच भेटीत विचार, ‘समलिंगी असणं हा आजार आहे असं तुम्हाला वाटतं का?’ उत्तर अडखळत आलं तर फी देऊन उठ आणि दुसरे शोध. रात्री-अपरात्री फारच असह्य झालं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत नंबर आहे, मराठीत बोलता येतं.

आणि एक विनंती. तुझ्या प्रोफाइलवर तू स्वतः लिहिलंयस : ‘फक्त मस्क्युलिन. नाजूक मुलांनी मेसेज करू नये.’ ते पत्रात सहज, एका ओळीत येऊन गेलंय. मी ती ओळ तीनदा वाचली. लातूरचा किंवा इस्लामपूरचा एखादा सतरा-अठरा वर्षांचा पोरगा वय खोटं सांगून त्या ॲपवर येतो आणि तुझ्याकडून तीच हाक ऐकतो. आज रात्री ती ओळ पुसून टाक. महिन्याभरानं मला लिही, तपासणीत काय निघालं तेही.

प्रश्न : माझा धाकटा भाऊ बंगळुरूला असतो. तो गे आहे हे फक्त मला माहीत आहे. गेल्या दिवाळीला तो अगदी वाळून आला. फराळाला हात लावला नाही, सकाळी दोन तास पळायचा. आई रडायची, मामा म्हणायचे ‘काय बॉडी केलीय!’ यंदा मी काय करू?
— एक बहीण, नागपूर

उत्तर : मामांना आधीच फोन करून बजाव की त्याच्या अंगाविषयी चांगलं-वाईट काहीच बोलायचं नाही. कौतुक जास्त घातक ठरतं, ते त्याला उपाशी राहण्याची पावती वाटते. आईलाही ‘किती वाळलास’ म्हणू देऊ नकोस, तेही त्याला बक्षिसासारखंच ऐकू येतं. आईला त्याच्या आजारपणाची काळजी सांगायला हरकत नाही. तो गे आहे हे मात्र सांगायचं नाही, ते त्यानंच सांगायचं.

ताटावर बसून विषय काढू नकोस. त्याला स्कूटरवर घेऊन फुटाळा तलावावर जा. जे डोळ्यांनी पाहिलंस तेवढंच बोल : ‘तू जिन्यात थांबून दम घेतलास, मी पाहिलं. मला भीती वाटली.’ तो चिडेल, नाकारेल. वाद घालू नकोस, ‘डॉक्टरांकडे मी सोबत येईन’ एवढं सांगून ठेव आणि चार दिवसांनी पुन्हा विचार. चक्कर येऊन पडला किंवा छातीत धडधड म्हणाला, तर त्याची परवानगी मागत बसू नकोस, गाडी काढ.

घरी परतल्यावर चिवड्याचा डबा दोघांच्या मध्ये उघडून ठेव. ‘घे’ म्हणू नकोस. तू खात राहा आणि लहानपणी दोघांनी मिळून केलेल्या किल्ल्याचं बोलणं काढ.